ब्युरेटवरचे ८.९

टीवायबीएस्सीला रसायनशास्त्र घेतलेल्या आणि डोंबिवलीहून रोज मुंबईत महाविद्यालयाला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले आहे: "सर, तीन वर्षे संपत आली, पण आपण काही शिकलो असे वाटत नाही. प्रयोगांच्या नोंदींची निम्मी जर्नल मागच्या वर्षीच्या मुलींकडून उतरवलेली आहेत. तुम्ही पस्तीस वर्षांपूर्वी हीच पदवी घेतलीत आणि आयुष्यभर औषधांच्या प्रयोगशाळेत काम केलेत. कॉलेजने तुम्हाला नक्की काय दिले? आणि मी आता नोकरी धरू की एमएस्सी करू?"

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. तरीही मी पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण तुम्ही जर्नल उतरवल्याची गोष्ट जाता जाता, कंसात सांगावी तशी सांगितली आहे. माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. त्याचे उत्तर देताना मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

मी १९८८ साली एफवायला प्रवेश घेतला आणि १९९१ मध्ये पदवीधर झालो. आम्ही परळच्या चाळीत राहत होतो. वडील गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात जे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. आई खाणावळ चालवायची. संप लांबला तशी कोकणातली एकटी राहणारी माणसे गावी परतू लागली, खाणावळीतली ताटे कमी होत गेली आणि शेवटी दोनच उरली, तीही उधारीची. अशा घरातला मुलगा सायन्सला गेला हेच मोठे नवल होते. दहावीपर्यंत 'अनुमापन' आणि 'उदासिनीकरण' हे शब्द मला चांगले येत होते. अकरावीत ते एका रात्रीत निरुपयोगी झाले आणि पहिले सहा महिने फळ्यावरचे इंग्रजी नुसते उतरवून घेण्यात गेले. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्यासारख्यांना 'व्हर्नी' म्हणत. हा शब्द अजून चालतो की नाही मला माहीत नाही, पण तो ऐकून मान खाली घालण्याची सवय पदवी मिळाल्यानंतरही बरीच वर्षे सुटली नव्हती, हे मात्र मला माहीत आहे.

कॉलेजच्या आठवणी म्हटल्या की लोक कट्टा, कँटीन, एकांकिका स्पर्धा आणि पावसातल्या सहली यांबद्दल बोलतात. त्या सगळ्या मलाही आहेत आणि त्या सुखाच्या आहेत, परंतु त्यांच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे वेगळे काही नाही. माझे कॉलेज म्हणजे मुख्यतः दुसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा होती: हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास, तो वायू तयार करणारे किपचे उपकरण, आम्लाने ठिकठिकाणी जळालेली लाकडी टेबले, आणि 'मामा'. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. ते मूळचे रत्नागिरीकडचे, सातवीपर्यंत शिकलेले, पण त्या प्रयोगशाळेतली प्रत्येक बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेली असायची. पिपेट तोंडाने ओढायची त्या काळी सर्रास पद्धत होती. ती कशी ओढायची, बोट कधी सोडायचे, शेवटचा थेंब फुंकून का काढायचा नाही, हे मला प्राध्यापकांनी नव्हे तर मामांनी शिकवले.

मामांकडे आणखी एक ज्ञान होते. तुमच्या पिढीतही 'सीबीआर' हा शब्द असेल असे मी धरून चालतो: कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे तीन वेळा अनुमापन (टायट्रेशन) करून, म्हणजे ब्युरेट या मापाच्या नळीतून द्रावण थेंबथेंब सोडून, जुळलेले वाचन. प्रत्येक प्रयोगाचा सीबीआर किती यायला हवा, हे मामांना तोंडपाठ असे. पहिले वाचन हाती आले की मुले हळूच त्यांच्याकडे जात आणि विचारत, "मामा, किती?" मामा उत्तर देत. पैसे घेत नसत. या मुलांचा वेळ वाचावा, त्यांना ओरडा बसू नये, एवढाच त्यांचा हेतू असे. मग आम्ही उरलेली दोन वाचने त्या आकड्याच्या आसपास लिहून टाकायचो: एक ९.५, एक ९.६, एक ९.६. तीनही अगदी सारखी लिहायची नाहीत, नाहीतर संशय येतो, ही अक्कल एसवायच्या मुलांकडून एफवायच्या मुलांकडे वारशाने येत असे. तुम्ही वरच्या वर्गातल्या मुलींचे जर्नल उतरवता तेव्हा त्याच वारशाचे पुढचे टोक तुमच्या हाती असते, हे लक्षात घ्या. यात तुमची चूक किती आणि आमच्या पद्धतीची किती, हा वेगळा मुद्दा आहे. माझ्या मते पद्धतीची जास्त. ज्या परीक्षेत उत्तर आधीपासून परीक्षकाच्या कागदावर असते, त्या परीक्षेत निरीक्षणाला किंमत उरत नाही. विद्यार्थी हे फार लवकर ओळखतो आणि त्यानुसार वागतो.

आता ती गोष्ट. मार्च १९९१, टीवायची प्रात्यक्षिक परीक्षा, दुपारची बॅच. आम्ही वीस जण होतो आणि बाहेरच्या कॉलेजातून आलेले एक एक्स्टर्नल, म्हणजे परीक्षक, होते. मला आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राला एकच प्रयोग आला होता: दिलेल्या फेरस अमोनियम सल्फेटच्या द्रावणातील लोहाचे पोटॅशियम परमँगनेटने अनुमापन. परमँगनेटच्या बाटलीवर त्याची नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रता, लिहिलेली होती आणि ती गृहीत धरून हिशेब करायचा होता. परमँगनेट गडद जांभळे असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या कडेवर घ्यावे लागते. मी ते नीट घेतले. पहिला फिका गुलाबी रंग टिकला तेव्हा ब्युरेटवर ८.९ मिलिलिटर होते. पुन्हा केले, ८.९. मित्राचेही ८.९. मग मी पाणी पिण्याच्या निमित्ताने मामांच्या बाजूने गेलो. ते ओठही न हलवता म्हणाले, "नऊ सहा."

मी टेबलाशी परतलो आणि ९.६ लिहिले. मित्राला मी खुणेने सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले, ब्युरेटकडे पाहिले आणि ८.९ तसेच ठेवले. तो काही साधुसंत नव्हता, वर्षभर त्यानेही मामांचे आकडे लिहिले होते. नंतर त्याने सांगितले की त्या दिवशी वाचन इतके स्वच्छ आले होते की ते खोडायला हात उचलला नाही. परीक्षा संपल्यावर ब्युरेटी धुताना मामा स्वतःच कपाळाला हात लावून म्हणाले की सकाळच्या बॅचमध्ये परमँगनेटची बाटली संपली होती, दुपारसाठी घाईत नवीन द्रावण बनवले आणि ते बहुधा जरा कडक झाले. द्रावण कडक असेल तर ते कमी लागणार, म्हणजे ८.९ हेच त्या दुपारचे खरे वाचन होते. परीक्षकांच्या तक्त्यावर मात्र सकाळचा ९.६ होता, आणि वीसपैकी बहुतेकांनी ९.६ लिहिल्यामुळे त्यांना शंका घेण्याचे कारणच पडले नाही. खरे लिहिणारा चुकीचा ठरला.

जूनमध्ये निकाल लागला. मला पहिला वर्ग मिळाला, तो साठ टक्क्यांच्या रेषेवर कसाबसा. मित्राचा पाच गुणांनी हुकला. ते पाच गुण त्याच प्रयोगात गेले असे मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण गुणपत्रिकेत प्रात्यक्षिकाचा एकच आकडा असतो. पण माझे स्वतःचे गणित मला माहीत आहे: तो प्रयोग मी खरा लिहिला असता, तर माझाही पहिला वर्ग राहिला नसता. आणि ऑगस्टमध्ये ज्या कंपनीने मला घेतले, तिच्या जाहिरातीत 'फर्स्ट क्लास बीएस्सी, केमिस्ट्री' अशी अट होती. म्हणजे ज्या नोकरीत पुढे मी लोकांना खरे वाचन लिहायला शिकवले, त्या नोकरीचे दार मी खोट्या वाचनाने उघडले होते. कॉलेजने काय दिले असे तुम्ही विचारता तेव्हा मला आधी हे आठवते.

मला खरे तर यूडीसीटीत जायचे होते. रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी माटुंग्याची ती संस्था १९३३ पासून मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून चालत होती. २००८ मध्ये ती स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाली आणि आता तिला आयसीटी म्हणतात. बीएस्सीनंतर तिथे बीएस्सी टेकला प्रवेश मिळणे म्हणजे आमच्या दृष्टीने गंगेत घोडे न्हाणे होते. माझे गुण तिथवर पोहोचले नाहीत. घरी दोन बहिणी शिकत होत्या आणि वडिलांना सिक्युरिटी गार्डची कामे मिळत होती, त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नाचा विचार कोणी केला नाही, मीही नाही.

नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये होती. परळहून ठाण्यापर्यंत लोकल आणि तिथून कंपनीची बस. सहा दहाची स्लो पकडली नाही तर बस चुके आणि बस चुकली तर अर्धा दिवस भरे. पहिले वर्ष मी कॉलेजला फार शिव्या दिल्या. एचपीएलसी हे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र मी पुस्तकात चित्ररूपाने पाहिले होते. ते समोर आले तेव्हा त्याचे झाकण कुठून उघडते हेही कळेना. ओलावा मोजणारे कार्ल फिशर, गोळी कशी विरघळते ते पाहणारे डिसोल्यूशन, सिंगल-पॅनऐवजी आलेले डिजिटल तराजू, सगळेच नवीन. परंतु सहा महिन्यांत ही सगळी यंत्रे मला येऊ लागली. सगळ्यांनाच येतात. यंत्रे आली नाहीत म्हणून कोणाची नोकरी गेल्याचे मी पस्तीस वर्षांत पाहिलेले नाही. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्या वहीमुळे गेल्या.

१९९४ मधली गोष्ट. पॅरासिटामॉल गोळ्यांच्या एका बॅचचे परिमाण मी काढत होतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २५७ नॅनोमीटरला प्रकाशाचे शोषण मोजायचे आणि त्यावरून औषधाचे प्रमाण काढायचे, अशी ती साधी चाचणी. प्रमाण लेबलच्या ९५ ते १०५ टक्क्यांच्या आत यायला हवे. माझे ९३.८ आले. दुसऱ्यांदा ९४.१. वरिष्ठांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "पुन्हा कर." त्यांनी 'खोटे लिही' असे म्हटले नाही; कोणीच कधी तसे म्हणत नाही. मी पुन्हा केले, पुन्हा केले, आणि सहाव्या वेळेस ९५.३ आले तेव्हा ते लिहून बाकीचे कागद चुरगळून टाकले. बॅच बाहेर गेली. कोणी आजारी पडले नाही, तक्रार आली नाही, काहीही झाले नाही. मामांचा ९.६ लिहिताना माझा हात जसा थरथरला नव्हता, तसाच याही वेळी थरथरला नाही, आणि मला आज सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच. सवय पक्की झालेली होती. फरक एवढाच की परीक्षेत मी माझे गुण वाचवत होतो आणि आता एक न पाहिलेला रुग्ण माझ्या आकड्याच्या पलीकडे उभा होता.

योगायोग पाहा, त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, अमेरिकेतील न्यू जर्सीच्या संघराज्य न्यायालयाने बार लॅबोरेटरीज या कंपनीच्या खटल्यात नेमके हेच तपासले होते. मर्यादेबाहेरचे वाचन आले तर पास होईपर्यंत चाचण्या करत राहणे म्हणजे चाचणी नव्हे. आधी ते वाचन का आले याचा तपास व्हायला हवा, आणि नापास वाचन कारणाशिवाय फेकून देता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. आज ज्याला आम्ही 'ओओएस' (आउट ऑफ स्पेसिफिकेशन, म्हणजे मर्यादेबाहेरच्या वाचनाचा) तपास म्हणतो, त्याची मुळे तिथे आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेत तो निकाल पोहोचायला काही वर्षे लागली. तो पोहोचवला आमच्या नव्या क्वालिटी हेड बाईंनी. त्या आल्या त्या आठवड्यात त्यांनी प्रत्येकाची वही मागवली आणि सुटी पाने बंद करून पृष्ठक्रमांक छापलेल्या बांधीव वह्या दिल्या. व्हाइटनरची बाटली त्यांनी सर्वांसमोर कचऱ्यात टाकली. चूक झाली तर एक आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. माझी वही चाळून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "यातले पहिले वाचन कुठे आहे?"

मी खूप वेळ काही बोललो नाही. मला दुसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा आठवत होती.

पुढे या सगळ्याला नाव मिळाले, 'डेटा इंटिग्रिटी', आणि त्याची पाच अक्षरी घोकंपट्टीही आली, 'अल्कोआ': नोंद कोणी केली ते कळले पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम करतानाच केलेली पाहिजे, मूळ पाहिजे आणि अचूक पाहिजे. तुम्ही मुलाखतीला जाल तिथे हे विचारले जाईल. २०१३ च्या मे महिन्यात रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीच्या अमेरिकी उपकंपनीने निकृष्ट औषधे आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा कबूल करून एकूण ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले, तेव्हापासून तर आपल्याकडच्या प्रत्येक औषध कंपनीत या विषयाचे प्रशिक्षण सक्तीचे झाल्यासारखे आहे. मी स्वतः अशी शेकडो प्रशिक्षणे घेतली आहेत. समोर बसलेली मुले हुशार असतात, पाचही शब्द बरोबर सांगतात, आणि तरी मला दिसत असते की यांतल्या बहुतेकांनी तीन वर्षे 'काम करतानाच लिहिणे' या गोष्टीचा अनुभवच घेतलेला नाही. त्यांची जर्नले घरी, फेअर वहीत, सुंदर अक्षरात लिहिली गेली आहेत. आपण त्यांना तीन वर्षे एक शिकवतो आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याच्या उलट वागायला सांगतो.

त्या बाईंकडून मी जे शिकलो ते नक्की टिकले की नाही याची परीक्षा २००५ मध्ये झाली. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते तुम्ही ऐकले असेल. तुमचा जन्म कदाचित त्याच सुमारास झाला असेल. आमच्या कारखान्याची वीज गेली, जनरेटरच्या खोलीत पाणी शिरले, आणि ज्या कपाटात गोळ्या ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत महिनोन्महिने ठेवून त्यांचा टिकाऊपणा तपासतात, ते स्टॅबिलिटी चेंबर तीन दिवस बंद राहिले. मी स्वतः रात्रभर कंपनीतच अडकलो होतो. पाणी ओसरल्यावर एक तरुण केमिस्ट तापमानाच्या आलेखाचा कागद घेऊन माझ्याकडे आला. रेघ मंगळवारी दुपारी तुटत होती आणि शुक्रवारी पुन्हा सुरू होत होती. त्याच्या हातात त्याच रंगाचे पेन होते. तो काही म्हणाला नाही, मीही काही म्हणालो नाही. मी कागद घेतला, रिकाम्या जागेत 'वीजपुरवठा नाही, पूर' असे लिहिले, वेळ टाकली, सही केली. त्या रिकाम्या जागेमुळे पुढे दोन उत्पादनांचा अभ्यास पुन्हा करावा लागला आणि वरून बरेच ऐकून घ्यावे लागले. तो केमिस्ट आज एका मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख आहे. त्याने ते पेन खिशात परत कधी ठेवले हे मला दिसले नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नोकरी की एमएस्सी? घरची परिस्थिती थांबू देत असेल आणि तुम्हाला संशोधन किंवा पद्धतविकास, म्हणजे मेथड डेव्हलपमेंट, यात जायचे असेल, तर ॲनॅलिटिकल किंवा ऑरगॅनिक घेऊन एमएस्सी करा. त्या विभागांत नुसत्या बीएस्सीला पुढे सरकणे कठीण जाते. फक्त 'एवढ्यात नोकरी नको' म्हणून एमएस्सी करू नका. त्या दोन वर्षांनी तुम्ही याच प्रश्नापाशी परत याल, तेव्हा फक्त अपेक्षा वाढलेल्या असतील. नियमित क्वालिटी कंट्रोलमध्ये बीएस्सीला अजूनही मागणी आहे. आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासनाकडून मिळणारी 'अप्रूव्ह्ड केमिस्ट' ही मान्यता, आधी रासायनिक आणि मग उपकरणांच्या चाचण्यांसाठी, तुम्ही अनुभवाच्या जोरावर मिळवू शकता, आणि ती मिळाली की नोकरी बदलताना पदवीपेक्षा तिलाच आधी विचारतात. माझा स्वतःचा कल असा की एक-दोन वर्षे प्रयोगशाळेत काम करून मग एमएस्सी करावे, कारण एकदा प्रत्यक्ष नमुना हाताळलेल्या विद्यार्थ्याला पुस्तकातली प्रत्येक ओळ वेगळी वाचता येते. पण मुंबईत एकदा पगार सुरू झाला की घराचे हप्ते आणि घरच्यांच्या अपेक्षाही त्याच्याबरोबर सुरू होतात आणि परत वर्गात बसणे जमत नाही. माझे जमले नाही. मी दोनदा फॉर्म भरला आणि दोन्ही वेळा फी भरायच्या आठवड्यात घरात काहीतरी निघाले. म्हणून हा सल्ला घेताना देणारा कोण आहे हेही लक्षात ठेवा.

मुलाखतीत काय विचारतात, हे तुम्ही विचारले नाही, पण सांगतो. डेसिनॉर्मल द्रावण कसे बनवाल. ब्लँक वाचन कशासाठी. परमँगनेटला वेगळा इंडिकेटर का लागत नाही. एरिओक्रोम ब्लॅक टी वापरून पाण्याची कठिणता काढताना वाइनसारखा लाल रंग निळा का होतो. हे सगळे एफवाय-एसवायचे आहे आणि निम्म्याहून अधिक उमेदवार इथेच अडखळतात. शेवटी मी एक प्रश्न हमखास विचारतो: तुमचा एखादा प्रयोग चुकला तेव्हा काय आकडा आला होता? बहुतेक जण म्हणतात, आमचे सगळे प्रयोग बरोबर आले. मग मी आभार मानून पुढच्याला बोलावतो. (माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे' असे आहे, कारण विद्यापीठाचे नाव १९९६ मध्ये बदलले. मागे एका कंपनीच्या एचआरमधल्या मुलीने ते खरे आहे का म्हणून मला पत्र आणायला सांगितले होते. मला राग आला नाही, उलट बरे वाटले. निदान कोणीतरी मूळ कागद तपासत होते.)

त्या मित्राचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. तो बँकेच्या परीक्षेला बसला, लागला, आणि दादरच्या एका शाखेतून गेल्या वर्षी निवृत्त झाला. २०१६ मध्ये आमच्या बॅचला पंचवीस वर्षे झाली म्हणून आम्ही कॉलेजात जमलो होतो. दुसऱ्या मजल्यावरची टेबले आता ग्रॅनाइटची झाली आहेत, वासही तसा येत नाही. मामा केव्हाच गावी गेले आणि तिथेच वारले, असे कळले. मी त्या मित्राला जिन्यात बाजूला घेतले आणि ८.९ आणि ९.६ ची सगळी गोष्ट सांगितली. माझा पहिला वर्ग, त्याचे पाच गुण, सगळे. पंचवीस वर्षे मनात घोळवलेले वाक्य होते ते. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "अरे, मला तर वाटतं माझं ९.१ आलं होतं."

आम्ही दोघांनीही बराच वेळ त्यावर वाद घातला. दोघांपैकी कोणाकडेही ती कच्ची वही नव्हती.

तुमच्या जर्नलची जी निम्मी पाने तुम्ही स्वतः केलेल्या प्रयोगांची आहेत, त्यांचे कच्चे कागद अजून कुठेतरी असतील. दप्तराच्या तळाशी, हॉल तिकिटाच्या मागे, कुठेही. ते शोधून ठेवा. परीक्षेनंतर तुमच्या प्राध्यापकांची परवानगी घेऊन उरलेल्यांपैकी तीन-चार प्रयोग पुन्हा करता आले तर करा. मे महिन्यात प्रयोगशाळा रिकामी असते आणि विचारणारी मुलगी आली तर बहुतेक प्राध्यापक नाही म्हणत नाहीत. जे वाचन येईल ते तिथेच उभ्याने लिहा. मुलाखतीला येताना फेअर जर्नल आणू नका, ते कागद घेऊन या.